तिरडी, घोषणा आणि शंभर मीटर

सातारा जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत ठरावीक दिवसांनी आतल्या पानावर एक छोटी बातमी येते: जिल्ह्यात मनाई आदेश लागू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. सोटे, भाले, सुरे, लाठ्या बाळगू नयेत. दाहक पदार्थ नेऊ नयेत. दगड साठवू नयेत. व्यक्तींचे, प्रेतांचे किंवा मनुष्याकृती प्रतिमांचे प्रदर्शन करू नये. सभ्यता आणि नीतिमत्तेला धक्का लागेल अशी भाषणे, हावभाव, चित्रे, फलक नकोत. ती वाचतो कोण? आदेश अंमलात असतानाच कुठल्या तरी पक्षाची पोरं पोवई नाक्यावर येतात, पुढाऱ्याच्या फोटोला जोडे मारतात, तिरडी बांधतात, एकजण मडके धरून पुढे चालतो, बाकीचे बोंब मारतात. पोलीस बाजूला उभे राहून चित्रीकरण करतात आणि सगळे चहाला जातात.

प्रेतांचा उल्लेख त्या यादीत उगाच आलेला नाही. आपल्याकडे निषेधाने आपली अर्धी सामग्री अंत्यविधीकडून उचलली आहे. तिरडी, मुंडन, दहावा, तेरावा, सगळे रस्त्यावर येऊन गेले आहे. आणि यातला मराठी माणसाला सर्वात जास्त ठाऊक असलेला प्रसंग याच मातीतल्या माणसाचा आहे. कऱ्हाडजवळच्या तेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. (तेंभू म्हटले की आता लोकांना उपसा सिंचन योजना आठवते. आठवू दे, पाणी आले हे बरेच झाले.) पुण्यातल्या सनातनी मंडळींनी आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागली. धर्माच्या नावाने एकत्र आलेल्या गटाने एका माणसाचा केलेला याहून ओंगळ निषेध शोधून सापडणार नाही.

आज असे घडले तर पहिला प्रश्न विचारला जाईल तो, गुन्हा कुठल्या कलमाखाली दाखल करायचा? मला वाटते हा प्रश्नच आपण चुकीच्या टोकाकडून विचारतो. आगरकर संमतिवयावर, विधवांच्या केशवपनावर, देवाधर्मावर जे लिहीत होते त्याने समोरच्यांच्या भावना खरोखरच दुखावल्या होत्या. ते ढोंग नव्हते. भावना दुखावण्याचे कलम २९५ अ हे १९२७ मध्ये आले. ते १८८८ मध्ये, ‘सुधारक’ सुरू झाले त्या वर्षी अस्तित्वात असते, तर पोलीस ठाण्याची पायरी कुणाला चढावी लागली असती? तिरडी वाहणाऱ्यांना नाही. आगरकरांनाच. कायदा लेखणीवर चालून येतो तेव्हा काय होते हे त्यांना माहीतही होते; कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळकांबरोबर ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहून आले होते.

या प्रश्नाचा सर्वात कडेलोटावरचा नमुना मात्र अमेरिकेतला आहे, आणि सातारा-सांगलीच्या वाचकाला तो जास्त टोचेल, कारण तो सैनिकाच्या अंत्यविधीचा आहे.

कॅन्सस राज्यात टोपेका नावाचे शहर आहे. तिथे वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नावाचा एक चिमुकला पंथ, बहुतांशी एकाच कुटुंबाचा. फ्रेड फेल्प्स हे त्याचे प्रमुख, २०१४ मध्ये ते वारले. कुटुंबात वकील भरपूर, त्यामुळे कायद्याची रेष कुठे संपते हे त्यांना इंचाइंचाने ठाऊक. यांची श्रद्धा अशी की अमेरिकेने समलिंगी लोकांना सहन केले म्हणून देव त्या देशावर कोपला आहे आणि मरणारा प्रत्येक सैनिक ही त्या कोपाची शिक्षा आहे. म्हणून हे लोक सैनिकांच्या अंत्यविधीला फलक घेऊन जात. ‘मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार’ हा त्यांतला एक फलक, आणि तो सौम्य म्हणावा असे बाकीचे होते.

मार्च २००६ मध्ये इराकमध्ये मरण पावलेल्या एका तरुण मरीन सैनिकाचा अंत्यविधी मेरीलँड राज्यातल्या वेस्टमिन्स्टर गावी होता. तिथे या पंथाचे सात जण गेले. पोलिसांनी दाखवलेल्या सार्वजनिक जागेत, चर्चपासून सुमारे हजार फुटांवर, विधीच्या आधी अर्धा तास उभे राहिले, पोलिसांचे सगळे ऐकले आणि निघून गेले. मुलाच्या वडिलांना जाताना फलकांचे फक्त वरचे टोक दिसले. त्यांवर काय लिहिले होते ते त्यांना संध्याकाळी टीव्हीवर कळले. त्यांनी दावा लावला. ज्यूरीने १ कोटी ९ लाख डॉलरची भरपाई दिली, न्यायाधीशाने ती ५० लाखांवर आणली, अपिलात सगळीच रद्द झाली. २ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी पंथाच्या बाजूने निकाल दिला. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांचे म्हणणे थोडक्यात असे: विषय सार्वजनिक, जागा सार्वजनिक, वागणे शांततेचे, बोलणे किळसवाणे आहे एवढ्यावर दंड बसवता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती अ‍ॅलिटो विरोधात गेले. सार्वजनिक चर्चा करायला एका शोक करणाऱ्या खासगी बापावर तुटून पडायची गरज काय, असा त्यांचा सवाल.

आता हा प्रसंग इकडे आणून पाहा. सातारा तालुक्यातले अपशिंगे, ज्याच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसे गेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडलेल्या कर्नल संतोष महाडिकांना पोगरवाडीत निरोप दिला गेला. फुलांनी सजवलेली गाडी, ‘अमर रहे’च्या घोषणा, हवेत झाडलेल्या फैरी, आसपासच्या गावांतून लोटलेली माणसे, हे चित्र या जिल्ह्याने अनेकदा पाहिले आहे. अशा ठिकाणी हजार फुटांवर सात माणसे तसला फलक घेऊन उभी राहिली तर? अर्धा तास दूर राहिला, त्यांना अर्धे मिनिट मिळणार नाही. आणि खरे सांगायचे तर मारणाऱ्यांची बाजू घेणारे लोक तुमच्या-माझ्या घरात निघतील.

तरीही मी रॉबर्ट्स यांच्या बाजूचा आहे, आणि अ‍ॅलिटोंचा प्रश्न योग्य वाटत असूनही आहे. त्या बापाला विधीच्या वेळी कुणी अडवले नाही, कुणाचा आवाज आत आला नाही, फलक वाचावा लागला नाही. त्याच्या आणि त्या सात जणांच्या मध्ये हजार फूट होते. कायद्याने जे द्यायचे ते त्या हजार फुटांनी दिले. त्यानंतर उरले ते, कुणीतरी आपल्या मुलाबद्दल असे बोलते ही जाणीव. ती भयंकर आहे. पण ती मोजायचे माप कुठल्याही न्यायालयाकडे नाही, आणि ज्यांनी ते आपल्याकडे आहे असे मानून कायदा केला त्यांचे काय झाले ते आपण रोज पाहतो.

मग कायद्याने काहीच करू नये का? करावे, पण त्याने बघायचे ते समोरच्या माणसाला उठून जाता येते का एवढेच. चौकातली सभा आवडली नाही तर मी दुसऱ्या रस्त्याने जाईन. लेख आवडला नाही तर पान उलटेन. पण बापाच्या चितेपासून उठून जाता येत नाही. दवाखान्यातल्या खाटेवरून उठून जाता येत नाही. स्वतःच्या घरातून निघून जायला सांगणे म्हणजे तर हद्द झाली. अमेरिकेच्या त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्ड गावाचा नियम कायम ठेवला होता. गर्भपाताला विरोध करणारे लोक एका डॉक्टरच्या घरासमोर येऊन निदर्शने करत. गावाने एखाद्याच्या घरालाच लक्ष्य करून तिथे निदर्शने करायला बंदी केली. गावभर हिंडा, पण एका माणसाच्या दारात ठाण मांडून त्याला कोंडू नका. वेस्टबरो निकालानंतर साधारण दीड वर्षाने मिसूरी राज्यातल्या मँचेस्टर शहराचा नियमही अपील न्यायालयात टिकला: अंत्यविधीच्या जागेपासून ३०० फूट, आधी एक तास, नंतर एक तास. फलकावर काय लिहायचे यावर नियमात एक अक्षर नाही. म्हणून तो टिकला.

हे सगळे परदेशातून आणायची गरज नाही, ही यातली मजा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २९७ होते: दफनभूमीत घुसणे, प्रेताची विटंबना करणे, अंत्यविधीसाठी जमलेल्यांना त्रास देणे, शिक्षा एक वर्षापर्यंत. भारतीय न्याय संहितेत तेच आता ३०१ आहे. अमेरिकेतल्या राज्यांनी २००६ च्या सुमारास घाईघाईने जे कायदे केले, त्यांचा गाभा आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच होता. अंतराचे नियमही आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही, आणि तिथे कोणता पक्ष सभ्य आहे हे कुणी विचारत नाही. चुन्याची रेघ सगळ्यांना सारखी. ३०० फूट म्हणजे साधारण ९१ मीटर. जवळजवळ तेवढीच रेघ आपण मतदानाला आखतो, ती अंत्ययात्रेला, राहत्या घराला आणि प्रार्थना चालू असताना मंदिर-मशिदीला आखायला हरकत काय?

हरकत अशी की त्याने कुणाचेच राजकीय समाधान होत नाही. अंतर आणि वेळ यांत आपला-परका असा भेद करता येत नाही. भावनेच्या कलमात तो छान करता येतो. जुने २९५ अ, आताचे २९९: दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कलमात ‘बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने’ असे शब्द आहेत आणि १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याच आधारावर ते कलम वाचवले. पण हेतू तपासला जातो खटल्यात, वर्षांनी. अटक होते त्याच रात्री. सरकारची मंजुरी लागते ती न्यायालयाने दखल घेण्याच्या टप्प्यावर. पोलीस गाडीत बसवण्याच्या टप्प्यावर नाही. त्यामुळे कलमाचा व्यवहारातला अर्थ असा झाला आहे की ठाण्यासमोर जो जास्त माणसे जमवील त्याची भावना जास्त दुखावलेली. लहान गटाला भावनाच नसतात जणू.

इथे कुणी म्हणेल, अमेरिकेत बंदुका खूप असल्या तरी फलकावरून दंगल होत नाही, इथे होते. म्हणणे पोकळ नाही. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरून जे पेटले ते मिरज, सांगलीपर्यंत धुमसले, जिल्ह्यात संचारबंदी लागली. पण नीट बघा. तेव्हा २९५ अ होते, गटागटांत वैर पसरवण्याचे १५३ अ होते, जमावबंदीचे १४४ होते, आपले लाडके ३७ ही होते. कायद्यांची कमतरता नव्हती. कमी पडला तो दगड उचललेला हात वेळेत धरणारा माणूस. १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका चित्रपटाच्या बाबतीत हेच सांगितले: निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबून टाकणे म्हणजे धमकी देणाऱ्यांपुढे शरणागती, बोलण्याचा धोक्याशी संबंध दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट असला पाहिजे. निकाल सगळे वकील पाठ म्हणतात. प्रत्यक्षात बोलणाऱ्याला आधी १४९ ची, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलीस देतात ती, नोटीस जाते (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६८, पण लोक १४९ च म्हणतात), कारण बोलणारा एक असतो आणि धमकी देणारे पाचशे. पोलीस निरीक्षकाच्या जागी मी असतो तर मीही कदाचित एकालाच नोटीस दिली असती. म्हणून तर नियम त्याच्या मनावर सोडू नये.

अंतराच्या नियमात सगळेच बसते असे मात्र नाही. अमुक समाजाच्या दुकानातून माल घेऊ नका, अमक्यांना गल्लीतून हाकला, असे व्यासपीठावरून सांगणे ही भावना दुखावण्याची गोष्ट राहत नाही. तिथे जमावाला काम नेमून दिलेले असते. २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाने अशा भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवा असे सांगितले, एप्रिल २०२३ मध्ये तो आदेश सगळ्या राज्यांना लागू केला, तो मला मान्य आहे. भाषणाने कुणाला वाईट वाटले हे तपासू नका, भाषणाने कुणाला काय करायला सांगितले ते तपासा. तुमचा देव खोटा आहे, असे कुणी म्हटले तर मी घरी जाऊन जेवेन. तुमचे दुकान बंद पाडा, असे म्हटले तर संध्याकाळी माझी चूल पेटणार नाही.

साताऱ्यात हा विषय कुणाला कोरडा वाटत असेल तर नरेंद्र दाभोलकरांची आठवण करून देतो. ज्यांनी गणपती विसर्जित करण्याऐवजी दान करा म्हटले, जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षे लावून धरले आणि त्याबद्दल धर्मद्रोही म्हणवून घेतले, ते २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात एका पुलावर गोळ्या घालून मारले गेले. त्याच दिवशी साताऱ्यात अंत्यसंस्कार झाले. लगोलग एका धार्मिक संस्थेच्या नियतकालिकात, अंथरुणावर खितपत मरण्यापेक्षा असे मरण येणे ही ईश्वराची कृपा, अशा आशयाचा मजकूर आला. टोपेकाचा फलक आणि हा मजकूर यांत भाषेच्या सभ्यतेचा फरक असेल, आशयाचा किती आहे? ते वाचून इथे अनेकांच्या मस्तकात तिडीक गेली. माझ्याही गेली. तरी तो मजकूर गुन्हा नव्हता आणि नसावा. गुन्हा होता तो पुलावरचा; त्याचा निकाल यायला १० मे २०२४ उजाडला, दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. राज्याने आपली सगळी ताकद त्या तपासाला लावायची, की कोण काय छापतो त्याला? दाभोलकरांच्या चळवळीविरुद्ध भावनांच्या कलमाची भीती दाखवणारे कमी नव्हते. तीच काठी आपण त्यांच्या विरोधकांवर उगारली तर तक्रार करायला तोंड राहत नाही.

याच जिल्ह्याच्या गावोगावी सत्यशोधक जलसे झाले. भटजींची नक्कल, देवांच्या जन्मकथांची टवाळी, सवालजवाब, हशा. ज्यांची टर उडवली जाई त्यांना ते अर्थातच ओंगळ वाटे. फुल्यांचे मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातले, आणि तिथे आज त्यांच्या नावाने कार्यक्रम करणारे पुढारी आपल्या मतदारसंघात तसा एक जलसा होऊ देतील का, याबद्दल मला दाट शंका आहे.

अमेरिकेत वेस्टबरोला खरे उत्तर न्यायालयाबाहेर मिळाले. पेट्रियट गार्ड रायडर्स नावाचे मोटारसायकलवाले २००५ पासून अंत्यविधीला, कुटुंबाने बोलावले तरच, जाऊ लागले. झेंडे घेऊन ओळीने उभे राहायचे, फलक दिसू द्यायचे नाहीत, घोषणा आल्या तर इंजिनांच्या आवाजात बुडवायच्या. कुणाला हात लावायचा नाही. आपल्याकडे माजी सैनिकांच्या संघटना तालुक्या-तालुक्याला आहेत, शिस्त त्यांच्या अंगात आहे. त्यांना हे शिकवावे लागणार नाही.

राहिला मोबाइल. तिथे १०० मीटर कसे मोजणार? वेस्टबरो पंथाने त्या कुटुंबाबद्दल नंतर संकेतस्थळावरही लिहिले होते. न्यायालयाने तो भाग, अर्जात नीट मांडलेला नाही म्हणून, बाजूला ठेवला. आपल्याला ती सवलत नाही, आपल्याकडची भांडणे आता स्टेटसवरूनच सुरू होतात. पण उठून जाता येण्याची कसोटी इथेही चालते, फक्त माणूस बदलतो. पोस्ट वाचणाऱ्याला पडदा बंद करता येतो. कोंडला जातो तो पोस्ट टाकणारा, ज्याचा पत्ता अर्ध्या तासात सगळ्या ग्रुपवर फिरतो. आणि पुष्कळदा तोही नाही, त्याच्या जातीधर्माचा कुणीही हाताशी सापडलेला. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्याच पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव जमला, तो मशिदीवर गेला, दुकाने-गाड्या जळाल्या. ज्याचा जीव गेला तो तरुण मशिदीत होता; त्या मजकुराशी त्याचा संबंध नव्हता. रेघ आखायची होती ती त्या जमावापुढे, मशिदीपासून शंभर मीटरवर. त्यासाठी २९९ लागत नाही. बेकायदा जमावाचे १८९ आणि दंग्याचे १९१ पुरेसे आहे, आणि वेळेवर पोहोचलेली पोलिसांची गाडी.